५० सीसी घ्यावा की ६० सीसी? जुन्या हापूस कलमांच्या छाटणीसाठी मधला चेनसॉ

जामसंडेकर_बागवाला:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो. दुकानात दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा "बजेट किती" याच्यापुढे बोलणं सरकलं नाही.

देवगड तालुक्यात आमची दीडशेच्या आसपास हापूसची कलमं आहेत, बरीचशी आजोबांच्या हातची. कातळाला सुरुंग लावून खड्डे मारले, खालून डोक्यावरून माती आणून भरली आणि त्यात लावली. आता ती इतकी उंच गेलीत की फवारणी शेंड्यापर्यंत पोचत नाही आणि आत ऊन शिरत नाही. मधली फांदी काढून उंची उतरवायचं काम सहा वर्षांपूर्वी मी स्वतःच्या बागेत शिकलो. झाडं परत आतून फुटलेली बघून शेजारच्यांनी बोलावलं. आता पाऊस उघडला की मोहोर दिसेपर्यंत मी आणि दोन गडी हेच करतो.

मशीनं दोन आहेत. स्टिल एमएस २५०, म्हणजे ४५.४ सीसी, २.३ किलोवॉट, ४.६ किलो. आणि एमएस ३८१, ७२.२ सीसी, ३.९ किलोवॉट, ६.६ किलो. दोन्हींबद्दल तक्रार काहीच नाही. पण आमच्या फांद्या असतात दहा ते सोळा इंच जाड, आणि नेमक्या त्या जाडीला एक कमी पडतं नि दुसरं अंगावर येतं. २५० ला जोर द्यावा लागतो, माणूस मशीनवर रेलतो, ते मला बघवत नाही. ३८१ लोण्यासारखं कापतं, पण आमच्या बागा उताराच्या. एका कलमापासून दुसऱ्याकडे जायचं म्हणजे गडगा (दगडी कुंपण) ओलांडायचा, बांध उतरायचा, परत चढायचा. दिवसाला असे पन्नास वेळा. चार वाजता चहा येतो तेव्हा आमचा मोठा गडी पेला गडग्यावर ठेवतो आणि वाकून पितो. बोटं इतकी थरथरतात की पेला धरवत नाही. गेल्या हंगामात हे रोज बघितलं आणि ठरवलं, यंदा मधलं मशीन घ्यायचंच.

माझ्या यादीत चार आहेत. ५० सीसीत स्टिल एमएस २६१ (५०.२ सीसी, ३ किलोवॉट, ४.९ किलो) आणि हस्कवर्ना ५५० एक्सपी मार्क टू (५०.१ सीसी, ३ किलोवॉट, ५.३ किलो). ६० सीसीत एमएस ३६२ (५९ सीसी, ३.५ किलोवॉट, ५.६ किलो) आणि हस्कवर्ना ५६२ एक्सपी (५९.८ सीसी, ३.५ किलोवॉट, ६.१ किलो). चारही मागवूनच घ्यावी लागतील असं दिसतंय, म्हणजे चालवून बघून घ्यायची सोय नाही. ज्यांनी यातलं काही खरोखर हातात धरून दिवसभर काम केलंय त्यांनी सांगा. पैसे एकदाच घालायचेत.


आंजर्ल्याचा_माडवाला:

दादा, तुमच्या गड्याचा पेला वाचून लिहायला बसलो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. संध्याकाळी बाहेर आलो तर वाडीत वाट नव्हती. माड, पोफळी, आंबे, फणस, सगळं एकमेकांवर. पाखाडी झाडांखाली गेलेली, वीज नाही, फोन नाही. त्यानंतर सव्वादोन महिने मी रोज चेनसॉ चालवला. पहिले पंधरा दिवस उसना आणलेला ५० सीसीचा, मग पुण्याच्या मेहुण्याने पाठवलेला ५६२ एक्सपी, तो आजही आहे. म्हणजे दोन्ही मापांचं मी एकाच कामावर चालवलंय.

आधी आकड्यांचं. कॅटलॉगातलं वजन हे नुसत्या मशीनचं असतं. बार (चेन जिच्यावरून फिरते ती पुढची पट्टी) नाही, चेन नाही, टाकी रिकामी. ते सगळं धरलं की बारच्या लांबीप्रमाणे पावणेदोन ते अडीच किलो वाढतात. त्यामुळे ४.९ आणि ५.६ मध्ये पाऊण किलोचाच फरक दिसतो, पण ६० सीसीला लोक अठरा नाहीतर वीस इंची बार लावतात, वर ३/८ इंच मापाची जाड चेन, आणि फरक किलोच्या पुढे जातो. तोही सगळा पुढच्या टोकाला. डाव्या मनगटाला तो मागच्या किलोपेक्षा जास्त लागतो.

दुसरं, एका किलोवॉटमागे किती किलो उचलायचे, हे काढून बघा. २६१ ला १.६३, ३६२ ला १.६, ५५० ला १.७७, ५६२ ला १.७४. म्हणजे ताकदीच्या मानाने ६० सीसी जराही जड नाहीत, उलट थोडे सरसच. तुमच्या २५० ला हाच हिशेब २ येतो, म्हणून ते अंगावर येत नाही तरी दमवतं. आणि स्टिलचा एमएस ४०० आहे, ६६.८ सीसी, ४ किलोवॉट, वजन फक्त ५.८ किलो, पिस्टन मॅग्नेशियमचा. त्याचा हिशेब १.४५. हातात धरलेला नाही, पण कागदावर तरी त्याच्या जवळ कोणी येत नाही.

पण हा हिशेब बुंधे कापणाऱ्याचा आहे. बुंधा कापताना मशीन लाकडावर टेकलेलं असतं, त्याचं वजन लाकूड उचलतं. तुमची फांदी छातीच्या किंवा खांद्याच्या उंचीवर. तिथे मशीन तुम्ही उचललेलं असतं. त्या कामाला किलोवॉटने भागायचंच नाही, सरळ किलो बघायचे. वादळात पडलेली झाडं जमिनीवर होती म्हणून मला ५६२ आवडला. उभ्या कलमाला मी तो घेणार नाही.

बारबद्दलही सांगतो. सोळा इंची बारने दोन्ही बाजूंनी येऊन सव्वीस-अठ्ठावीस इंचांपर्यंतचं खोड निघतं. माझा वीस इंची बार आता भिंतीवर टांगलेला आहे.

आणि हे वेगळं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. वादळाने मुळासकट उलटलेलं झाड कापताना बुंध्याकडची बाजू कधीही हलकी समजू नका. वरचा भार सुटला की मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसतो आणि खोडाचा तुकडा उभा होतो. आमच्या वाडीत एका फणसाने असाच उसळी मारली, गडी दोन हातांवर होता म्हणून वाचला. आधी फांदी कुठून ताणलेली आहे नि कुठून दबलेली आहे ते बघायचं. दबलेल्या बाजूने थोडं कापायचं, मग ताणलेल्या बाजूने सोडवायचं. उलटं केलं की बार धरला जातो.


वखारवाला_लांजा:

माझं मत ६० सीसी. आमच्याकडे अकेशिया, ऐन, किंजळ, जुना रायवळ आंबा येतो. वाळलेल्या ऐनात ५० सीसी घातलात की धूर लाकडातून निघतो. ३६२ चार वर्षं आहे, अठरा इंची बार, दिवसाला पाच-सहा टाक्या पेट्रोल जातं, गडी बदलतात, मशीन तेच. तुम्ही आज फांद्या कापताय, उद्या कोणी म्हणेल हे पूर्ण झाडच काढून द्या, तेव्हा ५० सीसी घेऊन काय करणार?

झाड काढण्याचा विषय निघाला म्हणून: १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे, फणस आहे, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ आहेत. मालकाची जागा असली तरी परवानगी हातात पडल्याशिवाय बुंध्याला चेन लावू नका, आणि लाकूड गाडीत भरायचं तर वाहतूक पास वेगळा. मालक म्हणतो "मी बघतो", आणि अडकतो तो कापणारा.


कुडाळचो_काजीवालो:

माझ्याकडे ५५० एक्सपी मार्क टू आसा. तीन वर्सां काजीच्या बागेत चलवतंय, एकदा पण दगो दिल्यान नाय. सोळा इंची बार. डोंगराक घेवन चडूक बरां पडता. रोठा (खोड पोखरणारी कीड) लागलेली काजी मुळातसून पोकळ आसता, तेका ६० सीसी कशाक व्हयो? फक्त काजीचो डिंक चेनीक बसता, रोज सांजचां ब्रश मारून साफ करूक व्हयां. बागवाल्यानू, तुमी ५० च घेवा. आनी झाडार चडान कापूचां आसात तर ह्यातला एकय मशीन वर नेव नका.


टूस्ट्रोक_चिपळूण:

शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. चढून काम करायचं तर वरच्या हँडलचं छोटं मशीन असतं, उदाहरणार्थ एमएस २०१ टी, ३५.२ सीसी, ३.७ किलो. आणि तेही दोरावर अडकवलेल्या, शिकलेल्या माणसाच्याच हातात. मधल्या आकाराचं मशीन दोन्ही हातांनी, पाय जमिनीवर ठेवून चालवायचं.

मी वीस वर्षं ही मशीनं उघडतोय. सीसीवरून तुम्ही सगळे बोललात, मला पेट्रोलवरून बोलायचंय, कारण माझ्या टेबलावर मशीन येतं ते त्यामुळेच.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा म्हणजे ओला टॉवेल. ऑइल मिसळलेला कॅन अर्धा भरून मांगरात (बागेतल्या खोपटात) ठेवला, दोन महिन्यांनी उघडला, तर पाणी आणि इथेनॉल तळाला बसलेलं असतं, पेट्रोल नि ऑइल वर. मशीनच्या टाकीतली नळी ओढते तळाचं. म्हणजे पिस्टनला ऑइलचा थेंब मिळत नाही आणि तो सिलिंडरला धरतो. गेल्या पावसानंतर असंच एक मशीन आलं. मालक म्हणाला, पेट्रोल तर भरलेलं होतं. सिलिंडर काढून दाखवला, पिस्टनच्या एका अंगाला नखाने खरवडल्यासारखे उभे ओरखडे. नवीन मशीनच्या निम्म्या किमतीचं काम निघालं. मशीनचा दोष शून्य.

म्हणून कॅन पारदर्शक घ्या. लिटरला २० मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे ५०:१, आणि आठवड्यात संपेल एवढंच मिसळा. हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवायचं, मगच ठेवायचं.

निवडीत हे का महत्त्वाचं, ते सांगतो. स्टिलच्या माहितीपुस्तकात हाताने स्क्रू फिरवायच्या कार्ब्युरेटरसाठी १० टक्के इथेनॉलची मर्यादा दिलेली असते, आणि एम-ट्रॉनिक असलेल्या मशीनला २७ टक्क्यांपर्यंत चालतं म्हटलेलं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन गरम चालतं. एम-ट्रॉनिक किंवा हस्कवर्नाचं ऑटोट्यून ते आपलं आपण सांभाळून घेतं. तेव्हा ५० घ्या की ६० घ्या, स्वतः जुळवून घेणारा कार्ब्युरेटर असलेलंच घ्या. २६१ आणि ३६२ घेताना नावापुढे सी-एम (एम-ट्रॉनिकची खूण) आहे ना, बघून घ्या.

चेनच्या तेलाच्या जागी गाडीचं जळकं ऑइल ओतणारे बरेच आहेत. त्यातल्या लोखंडाच्या बारीक कणांनी तेलाचा पंप खराब होतो आणि ते सगळं तुमच्या कलमाच्या मुळाशी उडतं. कृपा करून नको.


जामसंडेकर_बागवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. टूस्ट्रोक दादा, तुमचं वाचल्यावर उठलो आणि मांगरातला कॅन उजेडात धरला. तळाला बोटभर गढूळ थर होता. ओतून टाकला. मे महिन्यापासूनचा होता.

वखारवाले दादा, तुमचा मुद्दा डोक्यात राहिला, म्हणून लगेच घेतलं नाही. राजापूरला एका ओळखीच्यांकडे ३६२ आहे आणि त्यांच्या भावाकडे २६१. रविवारी दोन्ही एकत्र आणवली, माझं ३८१ मी नेलं. आंब्याच्या पेट्या तोलायचा काटा होता, त्यावर तिन्ही मशीनं बार-चेनसकट, दोन्ही टाक्या भरून ठेवली. २६१ सोळा इंची बारसकट ६.६ किलो. ३६२ अठरा इंचीसकट ७.७. माझं ३८१ वीस इंचीसकट ९ किलो. हे नऊ मी सहा वर्षं गड्याच्या हातात देत होतो आणि कधी तोललं नव्हतं.

मग रायवळचा एक ओंडका, बरोब्बर वीस इंच जाडीचा, दोन महिन्यांपूर्वी पडलेला. तिन्हींना नवी धार. मोबाइल लावून वेळ घेतली. ३८१ ला १९ सेकंद, ३६२ ला २३, २६१ ला ३१, त्यातही २६१ चा बार सोळाच इंचांचा, म्हणून बाजू बदलावी लागली. वखारवाले दादा, ओंडक्यावर तुमचंच खरं. ३६२ चा आवाजसुद्धा उतरत नव्हता.

नंतर तिथल्याच कलमावर बारा इंची फांदी घेतली, खांद्याच्या जरा खाली. आधी खालून एक तृतीयांश काप, मग वरून थोडं पुढे सरकून, म्हणजे फांदी सुटताना साल सोलत खोडापर्यंत येत नाही, आणि उरलेला खुंट शेवटी साफ. असे तीन काप म्हणजे मशीन तीनदा हवेत उचलून जागेवर धरायचं. इथे घड्याळ लावायची गरजच पडली नाही. ३६२ ने दुसऱ्या कापाला मला पाय बदलून उभं राहावं लागलं, बार जरा तिरका गेला आणि काप पायरीसारखा झाला. २६१ ने तिन्ही काप जिथे डोळा होता तिथेच पडले. शेवटचा काप हात फिरवून बघितला, रंधा मारल्यासारखा.

हा गुळगुळीतपणा मी हौसेने बघत नाही. कापावर आम्ही बोर्डो पेस्ट लावतो, दहा लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. काप फाटलेला, दातेरी असला तर पेस्ट खाचांत नीट बसत नाही, पावसाचं पाणी तिथे साठतं, कुजायला लागतं आणि भिरूड (खोड पोखरणारा किडा) शिरायला वाट मिळते. गेल्या वर्षी ज्या पाच-सहा कलमांना भिरूड लागला, ती सगळी दुपारनंतर कापलेली होती. सकाळची एकही नाही. हे मी वहीत काढून बघितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण दोष ना गड्याचा ना झाडाचा. नऊ किलो घेऊन चार वाजता कोणाचाही काप तिरकाच जाणार.

तेव्हा ठरलं, एमएस २६१ सी-एम, सोळा इंची बार, ०.३२५ इंच मापाची चेन. ५५० आणि २६१ मध्ये माझ्यासाठी चार दशांश किलोचाच फरक, बाकी काही नाही. कुडाळवाल्या भावाने इतकं प्रेमाने सांगितल्यावर ते मशीन वाईट कसं असेल. ३८१ विकत नाही, बुंध्याच्या कामाला ते राहील. २५० धाकट्या गड्याला फाटी फोडायला.

एक विचारायचं राहिलं. ०.३२५ ला ४.८ मिलीमीटरची गोल कानस आणि ३० अंशाचा कोन, हे मला माहीत आहे, पण आमच्या सालीत जांभ्याची लाल धूळ इतकी बसलेली असते की दोन टाक्यांत धार जाते. काय करता तुम्ही?


टूस्ट्रोक_चिपळूण:

कापायच्या जागेवर आधी कोयत्याने सालीचा पट्टा तासून घ्या, चार बोटं रुंद. नाहीतर ओल्या गोणपाटाने पुसून. धूळ लाकडात नसते, सालीतच असते. आणि प्रत्येक टाकी भरताना प्रत्येक दाताला कानशीचे दोन-तीन हलके हात, सगळ्या दातांना सारखेच. धार पूर्ण जाईपर्यंत थांबलात तर दहा-बारा हात मारावे लागतात आणि चेन लवकर संपते. चौथ्या-पाचव्या धारेला डेप्थ गेज (दातापुढचा उंचवटा, काप किती खोल जाईल ते ठरवतो) बघा, ०.६५ मिलीमीटर. दोन चेन ठेवा, जेवणाच्या सुट्टीत बदला.


आंजर्ल्याचा_माडवाला:

आमच्याकडे पुळणीची वाळू, तुमच्याकडे जांभा. त्रास तोच. माडाला तर मी तासल्याशिवाय चेन लावतच नाही.

दादा, मशीन आलं की गड्याला हेल्मेट, कानावरचे मफ आणि पायाची जाड पँटही त्याच पैशात घ्या. चपलेवर काम नको. आणि चेनचा ब्रेक रोज सकाळी एकदा मारून बघायला शिकवा, माझा पहिल्या वर्षी गंजून घट्ट बसलेला होता आणि मला ते महिनाभर कळलं नव्हतं. खारा वारा आहे आपल्याकडे.


जामसंडेकर_बागवाला:

पँट नि बूट मागवलेत, दोघांच्याही मापाचे. तासलेल्या पट्ट्याचा प्रयोग आज ३८१ वर केला, चार टाक्या झाल्या तरी भुसा अजून जाड पडतोय. मशीन पुढच्या आठवड्यात येतंय.